दिसेनासे, नाहीसे, गडप, गुप्त : मराठीतील लोपण्याची क्रियापदे

नाशिक शहराच्या पूर्वेला गोदावरीच्या काठी एकलहरे आहे. महानिर्मितीचे नाशिक औष्णिक विद्युत केंद्र इथलेच. केंद्राचे पहिले दोन संच 1970-71 मध्ये सुरू झाले. त्यानंतर 1979 ते 1981 या काळात प्रत्येकी 210 मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. थंडीतल्या सकाळी इथल्या मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट दूरवरून दिसतो. थोड्या अंतरावर गेला की तो विरळ होतो आणि पुढे निळे आकाश उरते.

या लोटाला लोक वाफ म्हणतात. खरी वाफ मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मनोऱ्यातून बाहेर पडलेली उबदार, ओलसर हवा थंड हवेत मिसळते तेव्हा तिच्यातल्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. आपल्याला दिसतात ते हे थेंब. कोरड्या हवेत ते पुन्हा वायुरूप होतात आणि लोट संपतो. हवा थंड आणि दमट असली की लोट लांबतो, वैशाखातल्या कोरड्या दुपारी तो मनोऱ्याच्या तोंडाशीच संपतो. दोन्ही वेळा पाणी हवेतच असते. या घटनेला इंग्रजीत ‘डिसअपिअर’ किंवा ‘व्हॅनिश’ म्हटले की काम भागते. मराठी माणसाला मात्र निवड करावी लागते. तो लोट दिसेनासा झाला, नाहीसा झाला, विरला की पांगला? चारही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही.

ही अडचण कोशकारांना फार पूर्वी जाणवली होती. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. एका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची लांबलचक रांग, हे या कोशाचे ठळक रूप. पुढे 1932 ते 1938 या काळात दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने मराठीचा मोठा शब्दसाठा एकत्र केला. वस्तू नजरेआड जाते या एकाच घटनेसाठी मराठीत किती क्रियापदे आहेत आणि त्यांतले प्रत्येक कुठे चालते, कुठे चालत नाही, याचा शोध घेतला की भाषेची एक चोख व्यवस्था हाती लागते.

दोन मूळ रूपे

या व्यवस्थेच्या मुळाशी दोन साधी रूपे आहेत. ‘दिसेनासा होणे’ आणि ‘नाहीसा होणे’.

‘दिसेना’ हे ‘दिसणे’ या क्रियापदाचे नकारी रूप. त्याला ‘सा’ जोडला की विशेषण तयार होते आणि ते नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. डोंगर दिसेनासा झाला, वाट दिसेनाशी झाली, गाव दिसेनासे झाले. ही रचना केवळ दिसण्यापुरती नाही. मराठीतल्या असंख्य क्रियापदांपासून ती करता येते. कामगार मिळेनासे झाले. काही सुचेनासे झाले. अन्न जाईनासे झाले. झोप लागेनाशी झाली. पूर्वी जे घडत होते ते आता घडायचे थांबले, एवढा सगळा मजकूर या एका रूपात मावतो. इतर भाषांना त्यासाठी बहुधा वेगळा शब्द किंवा अख्खे वाक्य लागते.

‘नाहीसा’ हे रूप त्याहून थेट आहे. ‘नाही’ आणि ‘सा’ एकत्र आले आणि विशेषण झाले. अस्तित्वाला नकार देणाऱ्या शब्दापासूनच अस्तित्व संपल्याचे क्रियापद घडले.

दोहोंतला फरक सूक्ष्म असला तरी पक्का आहे. ‘दिसेनासा’ म्हणताना कोणीतरी पाहणारा गृहीत धरलेला असतो. गलबत क्षितिजापलीकडे दिसेनासे झाले तरी त्यातल्या खलाशांना ते दिसतच असते. ‘नाहीसा’ हे विधान थेट वस्तूविषयी असते. कपड्यावरचा डाग नाहीसा झाला तर तो गेला. डाग दिसेनासा झाला तर नीट उजेडात पुन्हा पाहिलेले बरे. एकलहरेच्या लोटाला हीच कसोटी लावली तर उत्तर स्पष्ट मिळते. लोट दिसेनासा झाला, पाणी नाहीसे झाले नाही.

कोळशालाही हाच न्याय लावता येतो. भट्टीत गेलेला कोळसा नाहीसा होतो असे वाटते. पण आपल्याकडच्या कोळशात राखेचेच प्रमाण साधारणतः 30 ते 40 टक्के असते. ती राख मागे राहते, विटांमध्ये आणि सिमेंटमध्ये जाते. उरलेल्या कोळशातल्या कार्बनचा वायू होऊन तो हवेत मिसळतो. वजनाचा हिशेब मांडला तर काहीही हरवलेले नसते. अठराव्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी बंद भांड्यात वजने करून हेच दाखवले. ‘जळून खाक झाला’ हा मराठी वाक्प्रचार या शास्त्राला धरून आहे, कारण ‘खाक’ म्हणजे राख. वस्तू गेली आणि तिचे काय झाले, दोन्ही तो सांगतो.

न दिसण्याचे व्याकरण

न दिसणे आणि नसणे यांतला भेद भारतीय व्याकरणशास्त्राने फार आधी ओळखला होता. शब्द घडताना एखादा वर्ण किंवा प्रत्यय गळतो, त्याला पाणिनीने ‘लोप’ ही संज्ञा दिली. तिची व्याख्या करताना त्याने नाश म्हटले नाही, ‘अदर्शन’ म्हटले. लोप पावलेली गोष्ट समोर येत नाही, एवढेच. त्यापुढचा नियम आणखी नवलाचा आहे. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य होतच राहते. संस्कृतातला ‘वाच्’ हा शब्द प्रथमेच्या एकवचनात ‘वाक्’ होतो. तिथला प्रत्यय लोपलेला आहे, पण त्याच्यामुळे मिळालेले पदाचे स्थान टिकून राहते आणि ‘च्’चा ‘क्’ होतो.

मराठीच्या लेखनात असा एक मोठा लोप अनेकांच्या डोळ्यांदेखत झाला. जुन्या छापील पुस्तकांत ‘केलें’, ‘घरें’, ‘होणें’ अशी रूपे दिसतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले आणि हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. बोलण्यातून मात्र ते पुरते गेलेले नाहीत. आपण ‘केले’ लिहितो आणि बोलताना ‘केलं’ म्हणतो. त्या बोललेल्या रूपावर आजही टिंब दिले जाते. कागदावरून लोपलेल्या जुन्या अनुस्वाराची ही उच्चारातली खूण आहे.

पंचांगातही हीच दृष्टी आहे. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ आला की त्याच्या तेजात दिसत नाही. त्याला ‘अस्त’ म्हणतात आणि परंपरेने त्या काळात विवाहादी कार्ये टाळली जातात. ग्रह कुठे गेला असे पंचांगकर्ता म्हणत नाही. अस्ताच्या तिथीबरोबर तो उदयाची तिथीही छापतो. युरोपात गॅलिलिओला मात्र 1612 मध्ये चांगलाच धक्का बसला होता. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन्ही बाजूंना पाहिलेले फुगवटे त्याच्या दुर्बिणीतून दिसेनासे झाले. ती शनीची कडी होती. साधारण पंधरा वर्षांच्या अंतराने ती पृथ्वीच्या बाजूने अगदी काठावर येतात आणि पातळ असल्याने दिसत नाहीत. 2025 च्या मार्चमध्येही ती अशीच काठावर आली होती.

ज्याचे त्याला क्रियापद

मराठीचा खरा कस लागतो तो रोजच्या वस्तूंपाशी. जाण्याची रीत प्रत्येक वस्तूची वेगळी आणि तिचे क्रियापदही वेगळे.

पाण्यापासून सुरुवात करावी. विहीर आटते. पूर ओसरतो. जमिनीवर पडलेले पाणी जिरते, खोल गेले की मुरते, फटीतून झिरपते. दूधही आटते, पण तिथे आटणे हा फायदा असतो, कारण बासुंदी त्यातूनच होते. जिरण्याचेही तसेच. महाराष्ट्रातल्या मृद्संधारणाच्या कामाने ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा गावोगावी नेली. पाणी नजरेआड व्हावे म्हणून बांध घालायचे, कारण जिरलेले पाणी विहिरीत परत मिळते. आटलेल्या पाण्याची अशी परतफेड होत नाही. मुरण्याला मात्र संशयाची छटाही आहे. एखाद्या व्यवहारात कुठेतरी पाणी मुरते आहे असे म्हटले की ऐकणारा सावध होतो.

पावसाची क्रियापदे तर शेतकऱ्याच्या जिवाशी बांधलेली. पाऊस थांबला हे वाक्य कोणत्याही भाषेत होईल. मराठीत पाऊस उघडतो, म्हणजे पडायचा थांबतो. हवी ती विश्रांती मिळाली की उघडीप मिळाली असे म्हणतात आणि खोळंबलेली खुरपणी सुरू होते. नको असताना तो थांबला तर भाषा बदलते. मग पाऊस ओढ देतो, दडी मारतो, हुलकावणी देतो, पाठ फिरवतो. दडी मारणारा आणि पाठ फिरवणारा पाऊस जणू जिवंत आहे, आणि जिवंत असल्यामुळे परत येण्याची आशाही त्यात राहते.

उजेडाचे शब्द वेगळे. सूर्य मावळतो, तारे मावळतात, दिवा विझतो. दिवा आपणहून गेला तर विझला, आपण घालवला तर मालवला. विजेच्या दिव्याने जुना फारसी शब्द नव्या कामाला लावला. ‘गुल’ म्हणजे वातीचा जळका शेंडा. तो कापणे म्हणजे दिवा गुल करणे. आज वात नाही, काजळी नाही, पण वीज गेली की बत्ती गुल होते.

शरीराच्या तक्रारी घालवतानाही मराठी काटेकोर आहे. ताप उतरतो, सूज ओसरते, ठणका थांबतो, थकवा जातो, नशा उतरते, भूक भागते, तहान भागते. तापाला ‘ओसरला’ म्हटले तर चालून जाते, सुजेला ‘विझली’ म्हटले तर माणसे हसतील. राग निवळतो, गढूळ पाणीही निवळते. मीठ विरघळते, कापड विरते, धुके पांगते, रंग उडतो किंवा विटतो. कापूर मात्र उडून जातो. तो घनातून थेट वायू होतो, या क्रियेला शास्त्रात संप्लवन म्हणतात. घरातली कापराची डबी काही महिन्यांनी रिकामी सापडते आणि मागे डाग किंवा ओल काहीही नसते. ‘उडून गेला’ हे घरगुती वर्णन पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येइतकेच नेमके आहे.

या साऱ्यांत सर्वांत नवलाचे क्रियापद ‘फिटणे’. कर्ज फिटते. शंका फिटते. अंधार फिटतो. ऋण फिटते, पांग फिटतात आणि डोळ्यांचे पारणेही फिटते. वरवर पाहता या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी प्रत्येक ठिकाणी काहीतरी बांधून ठेवणारे, अडवणारे, शिल्लक राहिलेले होते आणि ते सुटले. अंधार संपला म्हणणारा घड्याळ पाहतो. अंधार फिटला म्हणणाऱ्याला मोकळे झाल्यासारखे वाटते.

गोदावरी, मुक्ताई आणि गुप्त होणे

एकलहरेजवळून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिच्याविषयीची कथा लोपण्याचीच आहे. गौतम ऋषींच्या तपाने गंगा ब्रह्मगिरीवर प्रकट झाली, पण ती एका जागी ठरेना. एका ठिकाणी दिसे, पुन्हा लुप्त होई आणि दुसरीकडे प्रकट होई. अखेर गौतमांनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवले. जिथे अडवले ते कुशावर्त. आजही यात्रेकरू ब्रह्मगिरी, गंगाद्वार आणि कुशावर्त अशा वेगवेगळ्या ठिकाणी गोदावरीचे दर्शन घेतात. पावसाचे पाणी बेसॉल्टच्या खडकातल्या भेगांतून झिरपते आणि खालच्या थरांत पुन्हा झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, हे सह्याद्रीत अनेक ठिकाणी घडते. कथेतली नदीही अशीच वागते.

नाशिकच्या रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. तिथे विसर्जित केलेल्या अस्थी पाण्यात विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. ‘विलय’ या शब्दात वस्तू दुसऱ्या, मोठ्या वस्तूत मिसळून जाते. राज्यकारभाराने तोच शब्द उचलला. नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन झाले. ते संपले किंवा बुडाले असे कागदपत्र म्हणत नाहीत.

देवांसाठी वेगळा शब्द राखून ठेवला आहे. वर देऊन देव ‘अंतर्धान पावतात’. माणूस अंतर्धान पावला असे म्हटले तर त्यात थट्टा असते. वर्गणी मागायला कार्यकर्ते आले की शेजारी अंतर्धान पावतात. संतांच्या बाबतीत परंपरेने आणखी बारकावे सांभाळले. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी, सोपानदेवांची सासवडला. मुक्ताबाईंच्या बाबतीत मात्र वारकरी ‘समाधी घेतली’ म्हणत नाहीत. तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाल्या, असेच सांगतात. तुकोबांचे वैकुंठगमन झाले. भावंडे एक, संप्रदाय एक, पण जाण्याची क्रियापदे वेगळी, आणि कीर्तनकार ती कधी चुकत नाही.

याच कुटुंबाच्या कथेत नाशिकचा आणखी एक शब्द येतो. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, सगळे पांगले आणि लहानग्या निवृत्तीची चुकामूक झाली. तो एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. ‘चुकामूक’ या शब्दात दोन्ही बाजू एकमेकांना शोधत असतात. एकाने दुसऱ्याला हरवलेले नसते. कुंभमेळ्यात ध्वनिक्षेपकावरून ज्यांची नावे पुकारली जातात, त्यांची हीच स्थिती असते.

माणसे कशी जातात

पोलीस ठाणे, न्यायालय आणि वर्तमानपत्र यांनी मिळून मराठीत कामाची एक पक्की वाटणी केली आहे. चोरटे पसार होतात, ऐवज लंपास होतो. गुन्हा दाखल झाला की तोच चोरटा फरार ठरतो. कार्यालयातली फाइल गहाळ होते. लहान मूल हरवते. प्रौढ माणूस बेपत्ता होतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घातला की वाक्य चुकते किंवा आरोप बदलतो. फाइल गहाळ झाली म्हणजे निष्काळजीपणा, फाइल लंपास झाली म्हणजे चोरी. बेपत्ता माणसाविषयी काळजी वाटते, फरार माणसाविषयी वाटत नाही.

‘गायब’ हा अरबी शब्द मुळात ‘गैरहजर, नजरेआड’ या अर्थाचा. ‘गैबी आवाज’ म्हणजे बोलणारा न दिसता येणारा आवाज. मराठीत आल्यावर गायबला घाई आणि संशय चिकटला. ‘फरार’ही अरबी, पळून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘परागंदा’ फारसी. त्याचा अर्थ विखुरलेला, आणि मराठीतही तो शब्द विखुरण्याचे दुःख घेऊन येतो. दुष्काळात कुटुंबे परागंदा होतात, कर्जापायी माणूस परागंदा होतो. परागंदा माणसाने गुन्हा केलेला असेलच असे नाही. त्याचे गाव सुटलेले असते.

पळण्याचे खेळकर शब्दही आहेत. पोबारा करणे हा सोंगट्यांच्या खेळातून आला. ‘पौ बारा’ हे फाशांचे मोठे दान. ते पडले की सोंगटी दूर निघून जाते. धूम ठोकणारा वेगाने जातो, काढता पाय घेणारा हळूच जातो, गुंगारा देणारा पाठलाग करणाऱ्याला चकवून जातो. तडीपार माणूस मात्र स्वतःहून जात नाही, त्याला घालवलेले असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये जिल्ह्याबाहेर घालवण्याची ही तरतूद आहे. कायद्यातला शब्द हद्दपार, बोलण्यातला तडीपार.

बेपत्ता माणसाचे पुढे काय होते? कायद्याने त्यालाही मुदत घातली आहे. जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच मिळाली असती, त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 108 मधली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 मध्ये आहे आणि नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. सात वर्षांपर्यंत तो ‘दिसेनासा’ असतो. त्यानंतर वारस न्यायालयापुढे त्याला ‘नाहीसा’ मानायला सांगू शकतात.

झाला की केला

इंग्रजीतले ‘डिसअपिअर’ हे मूळचे अकर्मक क्रियापद. वस्तू आपणहून नाहीशी होते, तिला कोणी नाहीसे करत नाही, असे त्याचे व्याकरण. विसाव्या शतकात हे व्याकरण अपुरे पडले. जोसेफ हेलर यांच्या 1961 मधल्या ‘कॅच-22’ या कादंबरीत सैन्यातल्या माणसाला ‘नाहीसे करण्यासाठी’ हेच क्रियापद सकर्मक होऊन येते आणि पात्रेही त्या विचित्र वापराने गोंधळतात. 1976 ते 1983 या काळात अर्जेंटिनात लष्करी राजवटीने हजारो माणसे पळवून नेली. त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘देसापारेसिदोस’ हा शब्द रूढ झाला. 1977 पासून त्यांच्या आया राजधानीतल्या चौकात दर आठवड्याला जमून मुलांचा पत्ता विचारू लागल्या.

मराठीला असा वाकडा वापर करावा लागत नाही. ‘होणे’ आणि ‘करणे’ ही जोडी सदैव हाताशी असते. नाहीसा झाला, नाहीसा केला. गायब झाला, गायब केला. एक क्रियापद बदलले की कर्ता उभा राहतो. संयुक्त राष्ट्रसंघाने 20 डिसेंबर 2006 रोजी सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. भारताने 2007 मध्ये त्यावर स्वाक्षरी केली, मात्र त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. 30 ऑगस्ट हा दिवस जगभर अशा बेपत्ता केलेल्यांसाठी पाळला जातो. ‘बेपत्ता झालेले’ आणि ‘बेपत्ता केलेले’ या दोन शब्दांमधले अंतर अशा वेळी फार मोठे असते.

नामशेष आणि रानपिंगळा

प्राण्यांच्या जाती जातात तेव्हा मराठीत त्या ‘नामशेष’ होतात. फक्त नाव शेष राहते, असा त्या शब्दाचा अर्थ. हा शब्द वापरताना किती जपावे लागते ते उत्तर महाराष्ट्रातल्या रानपिंगळ्याने दाखवले. या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने सापडलाच नाही. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात 1914 साली गुजरातमध्ये मिळालेला म्हणून एक नमुना होता. त्याच्या आधाराने लोक तिथे शोधत राहिले. तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्या चिठ्ठीने मांडलेला होता, हे पामेला रासमुसेन यांनी पुढे उघड केले. ती खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खानदेशात शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. 113 वर्षे तो दिसेनासा होता, नाहीसा नव्हता. पुढे मेळघाटातही तो आढळला.

गिधाडांची कथा याच्या उलट आहे. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेली. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसात राहतो आणि तो खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. 1992 ते 2007 या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळ खोरीपाडा इथे गिधाडांना सुरक्षित खाद्य मिळावे म्हणून ‘गिधाड उपाहारगृह’ चालवण्यात आले. इथे ‘दिसेनाशी झाली’ असे म्हणणे अपुरे आहे, कारण ती मेली. ‘नामशेष झाली’ असे म्हणणेही खोटे ठरेल, कारण थोडी उरली आहेत आणि त्या उरलेल्यांसाठीच हे काम चालते.

जाणे न बोलता

मराठी घरात काही जाणी तोंडाने उच्चारायचीच नसतात. निघणारा पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. माणूस गेला की तो देवाघरी जातो, दिवंगत होतो, निवर्ततो, पण सरळ क्रियापद टाळले जाते. जुन्या लोकांना उच्चारलेला शब्द खरा होण्याची भीती होती. त्या भीतीतून कमी होण्यासाठी वाढण्याचा आणि जाण्यासाठी येण्याचा शब्द आला.

हा सगळा साठा आज एका शब्दाच्या दाबाखाली आहे. मथळ्यांत आणि मोबाइलवरच्या बातम्यांत धरणातले पाणी गायब, थंडी गायब, निधी गायब, पक्षी गायब, माणूस गायब. शब्द छोटा आहे, जागा कमी घेतो आणि वाचणाऱ्याला चमकवतो. पण पाणी आटले की कोणी पळवले, निधी संपला की लंपास झाला, पक्षी स्थलांतर करून गेले की मेले, यांतले काहीच तो सांगत नाही. बातमीत जे कळायला हवे तेवढेच नेमके त्यातून गळते.

म्हणून लिहिणाऱ्यांनी आणि भाषांतर करणाऱ्यांनी ‘गायब’ लिहिण्याआधी चार प्रश्न विचारावेत. वस्तू फक्त दिसत नाही की खरोखर नाही? ती आपणहून गेली की कोणी घालवली? तिचे दुसरे काही झाले का? ती परत येण्यासारखी आहे का? उत्तरे मिळाली की योग्य क्रियापद आपोआप सुचते, कारण ते मराठीत बहुतेक वेळा आधीच तयार असते. शिक्षकांनी एखाद्या तासाला मुलांना घरी आजी-आजोबांकडून अशी क्रियापदे गोळा करून आणायला सांगावी आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या वस्तूसाठी वापरतात तेही लिहून घ्यावे. कोशात न आलेले शब्द अशाच वह्यांत सापडतात.